नळीत पातळ, शरीरात गुठळी

गेल्या अंकात ल्युपसबद्दल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराबद्दल, लिहिताना ओघात एक वाक्य टाकलं होतं, की ल्युपसच्या साधारण तीनांतल्या एका रुग्णाच्या रक्तात गुठळ्या घडवणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडतात. बाकी सगळा लेख बाजूला राहिला आणि पत्रं त्या एका वाक्यावर आली. या प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या आजाराचं नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. तुमच्या फायलीत तो एपीएस किंवा एपीएलए असा लिहिलेला असेल. तो ल्युपससोबत येतो, तसा एकटाही येतो. आलेल्या पत्रांपैकी काही निवडली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टरताई, माझ्या सुनेला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा राहिलं नाही. पहिल्यांदा तिसरा महिना लागला होता. दुसऱ्यांदा पाचवा. सगळं चांगलं चाललेलं आणि सोनोग्राफीत ठोके नाहीत म्हणाले. आता पुन्हा प्रयत्न करायच्या आधी रक्त तपासलं, तर व्हीडीआरएल पॉझिटिव्ह. रिपोर्ट देणाऱ्या मुलानं हळूच सांगितलं की हा गुप्तरोग असतो. तेव्हापासून मुलगा आणि सून वेगवेगळ्या खोलीत झोपतात. दुसऱ्या डॉक्टरांनी एपीएलएची तपासणी लिहून दिलीय, महागडी आहे. जाऊबाई म्हणतात आधी त्र्यंबकला नारायण नागबळी करा. द्राक्षबागेत फवारणी चालू असताना सून तिथं असायची, त्यानं झालं असेल का? खरं काय ते सांगा.
— एक सासूबाई, निफाड तालुका

उत्तर : काकू, आधी त्या दोन खोल्यांचं बघू.

व्हीडीआरएल ही तपासणी सिफिलिसचा जंतू शोधत नाही. कार्डिओलिपिन नावाच्या एका स्निग्ध पदार्थाला चिकटणारी प्रतिपिंडं रक्तात आहेत का, एवढंच ती बघते. मेरी पँगबॉर्न या अमेरिकी संशोधिकेनं १९४१ मध्ये हा पदार्थ गुरांच्या हृदयातून वेगळा काढला आणि आजही तपासणीच्या मिश्रणात तोच असतो. सिफिलिसमध्ये अशी प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून ही तपासणी उपयोगी पडते. पण ती मलेरियात होतात, कुष्ठरोगात होतात, काही विषाणूंच्या तापानंतर होतात, कधी नुसत्या गरोदरपणातही दिसतात. आणि एपीएस असेल तर होतात. सुनेच्या बाबतीत मला हीच शक्यता मोठी वाटते.

तेव्हा दोघांचीही टीपीएचए तपासणी करून घ्या. ती सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं बघते. निगेटिव्ह आली, तर तुम्ही स्वतः दोघांना समोर बसवून तसं सांगा आणि तो विषय घरात पुन्हा काढू नका, जाऊबाईंनाही काढू देऊ नका. पॉझिटिव्ह आली तरी आभाळ कोसळत नाही. पेनिसिलिननं तो आजार बरा होतो, आणि त्यानंही गर्भ जातो, म्हणून तपासणी टाळायची मात्र नाही. रिपोर्ट देणाऱ्यानं रिपोर्ट द्यावा, त्यावर संसाराचा निकाल देऊ नये, असं माझं फार जुनं मत आहे.

आता मूळ गोष्ट. तिसऱ्या महिन्यात एकदा गर्भ जाणं हे दुःखाचं असलं तरी फार दुर्मीळ नाही. बहुतेकदा गर्भातल्या गुणसूत्रांचाच काही बिघाड असतो. मला पाचवा महिना खटकतो. दहा आठवडे उलटल्यावर व्यवस्थित घडलेलं बाळ पोटात जातं, तेव्हा एपीएस तपासायलाच हवा. त्या वेळचे सोनोग्राफीचे सगळे कागद शोधा. बाळाची वाढ मागे होती का, पाणी कमी होतं का, सुनेचा रक्तदाब चढला होता का, हे त्यात असेल.

आणि आणखी एक कागद करा, कोरा. त्यावर सुनेला गेल्या दहा वर्षांचं लिहू द्या. कधी एकाच पायाला सूज आली होती का? अर्धशिशी आहे का? प्लेटलेट कमी निघाल्या होत्या का? (आपल्याकडे प्लेटलेट कमी म्हटलं की डेंगी समजून माणूस सलाईन लावून घरी येतो आणि नंतर पुन्हा कुणी मोजत नाही.) निफाडच्या थंडीत मांड्यांवर, दंडांवर जांभळट जाळीसारखी नक्षी उमटते का? यातलं बरंचसं तिनं आजवर कुणाला सांगितलेलंच नसेल, कारण स्त्रीरोगतज्ज्ञांनी पायाचं विचारलं नसेल आणि त्वचेच्या डॉक्टरांनी पोटाचं. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या पिशवीत तीन-तीन डॉक्टरांच्या तीन-तीन फायली असतात, आणि आजार त्या फायलींच्या मधल्या फटीत बसलेला असतो. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी या आजाराचं एकत्र चित्र मांडलं, तेही असंच. गुठळ्या, गर्भपात, पक्षाघात हे वेगवेगळ्या वॉर्डांतले प्रकार एका प्रतिपिंडाशी जोडले.

तपासण्या तीन असतात : ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन वन. तिन्ही करा, एक करून भागत नाही. पॉझिटिव्ह आली तर किमान बारा आठवड्यांनी तीच पुन्हा, कारण साध्या तापानंतरही ही प्रतिपिंडं थोडा काळ दिसतात आणि निघून जातात. टिकली, तरच निदान पक्कं. हे सगळं दिवस जायच्या आधी उरकलेलं बरं. तोवर तीन महिने थांबायला लागेल, ते थांबा. थायरॉइड, साखर आणि गर्भाशयाची रचनाही याच काळात बघून होईल.

एपीएस ठरलाच, तर पुढचा रस्ता आखलेला आहे. ही प्रतिपिंडं वारेच्या पेशींवर बसतात, तिथे दाह होतो, वार नीट रुजत नाही आणि तिच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. बाळाला रक्त कमी पडतं. उपचार म्हणजे रोज ॲस्पिरिनची लहान गोळी, बहुधा ७५ मिलिग्रॅमची, आणि दिवस राहिल्याचं कळताच हेपॅरिन या गुठळी रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. ते पोटाच्या कातडीखाली रोज घ्यायचं असतं, अगदी बाळंतपणापर्यंत, आणि पुढे साधारण सहा आठवडे. हेपॅरिन वारेतून बाळाकडे जात नाही. सुई बारीक असते आणि घरी टोचता येते. तुमच्या मुलाला शिकू द्या. वेगवेगळ्या खोल्यांचा प्रश्नही त्यानं सुटेल. पोटावर निळे डाग पडतील, त्याला घाबरू नका. एवढं नीट केलं तर अशा बायकांत शंभरातल्या सत्तरहून अधिक गरोदरपणांत जिवंत बाळ घरी येतं. बाळंतपण मात्र नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच ठरवा, कारण रक्तदाब चढण्याची आणि लवकर प्रसूती होण्याची शक्यता उरतेच.

फवारणीचं म्हणाल, तर तिच्यामुळे ही प्रतिपिंडं होतात असं म्हणायला आधार नाही. तरी दिवस गेलेल्या बाईनं फवारणीच्या वेळी बागेत जाऊ नये, ते वेगळ्या कारणांसाठी. आणि नारायण नागबळी. तीन दिवसांचा विधी आहे, श्रद्धा असेल तर करा, अडवणारी मी कोण? फक्त पैसे एका वेळी दोन्हीला पुरत नसतील तर आधी रक्ताला लावा. आणि विधीला बसताना सून दोषी म्हणून बसवू नका. हा आजार तिनं काही केल्यामुळे झालेला नाही.

प्रश्न : वय ३४, अंबड एमआयडीसीत मशीनवर काम. व्हायरल तापात आठवडाभर पडून होतो, उठलो तर डावी पिंढरी सुजलेली. डॉपलरमध्ये खोल शिरेत गुठळी निघाली. पण माझ्या रिपोर्टमध्ये एपीटीटी वाढलेला आहे, म्हणजे रक्त गोठायला वेळ लागतो असं सांगितलं. मग गुठळी कशी? नंतर तिन्ही एपीएलए टेस्ट पॉझिटिव्ह, तीन महिन्यांनीही पॉझिटिव्ह. आता वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. रक्त किती पातळ झालंय ते बघणाऱ्या आयएनआर तपासणीसाठी दर वेळी अर्धी पाळी बुडते. एका ओळखीच्याला नवीन गोळी दिलीय, तिला टेस्ट लागत नाही. मी ती घेऊ का? आणि पालक-मेथी कायमची बंद का?
— सिडको, नाशिक

उत्तर : गुठळीचं तुमच्या आधी डॉक्टरांनाही कोडं पडलं होतं. १९५२ मध्ये ल्युपसच्या रुग्णांत रक्त गोठायला उशीर करणारा घटक सापडला, तेव्हा या लोकांना रक्तस्राव होणार असं वाटलं. १९६३ मध्ये लक्षात आलं की त्यांना उलट गुठळ्या होतायत.

असं बघा. रक्त गोठवणारी प्रथिनं हवेत काम करत नाहीत, त्यांना फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचा पृष्ठभाग लागतो. भाजीबाजारात बसायला ओटा लागतो तसा. एपीटीटीच्या नळीत आपण मोजकेच ओटे टाकतो. तुमची प्रतिपिंडं आधीच जाऊन ते अडवून बसतात, म्हणून नळीतलं रक्त उशिरा गोठतं. शरीरात ओट्यांचा तुटवडा नाही. तिथे तीच प्रतिपिंडं रक्तवाहिनीच्या अस्तराला आणि प्लेटलेट्सना चेतवतात, आणि गोठण्याची साखळी नको तिथे सुरू होते. त्यातही बऱ्याचदा वरून एक धक्का लागतो : ताप, ऑपरेशन, पडून राहणं, सिगारेट. तुमच्या बाबतीत ताप आणि पलंग दोन्ही झालं. सिगारेटचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण चहाच्या सुट्टीत ओढत असाल तर तो चालता धक्का आहे, आजच सोडा.

नव्या गोळीबद्दल माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे, आणि ते मी जुन्या वळणाची आहे म्हणून नाही. रिव्हरॉक्साबॅन ही अशीच गोळी तुमच्यासारख्या, तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्या १२० रुग्णांत वॉरफेरिनशी ताडून पाहिली गेली. इटलीतल्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण नवी गोळी घेणाऱ्या ५९ जणांत चौघांना पक्षाघात आणि तिघांना हृदयविकाराचा झटका आला. वॉरफेरिनवाल्यांत एकालाही नाही. तुमच्या ओळखीच्यांना बहुधा साध्या कारणानं गुठळी झाली असेल, त्यांना ती गोळी योग्य असेल. ती तुमची गोळी नाही.

मग वॉरफेरिन, किंवा आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात ते असेनोकुमरॉल, आणि आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये. बहुधा जन्मभर. सुरुवातीला तपासणी वारंवार लागते, आकडा स्थिरावला की अंतर वाढतं. पाळी बुडते हे खरं. सकाळच्या पाळीच्या आठवड्यात दुपारनंतर नमुना देता येईल असं ठिकाण बघा. मात्र शक्यतो प्रयोगशाळा एकच ठेवा. बोटाच्या थेंबावर आकडा दाखवणारी यंत्रंही मिळतात, पण एपीएसच्या काही रुग्णांत ती फसतात, म्हणून घेतलंच तर आधी प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळवून घ्या.

पालक-मेथी बंद करू नका. नाशिकला राहून हिरवी भाजी बंद करणं म्हणजे शिक्षाच. प्रश्न भाजीचा नाही, अचानक बदलाचा आहे. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते वॉरफेरिनच्या विरुद्ध काम करतं. आठवड्यात जेवढी खाता तेवढी खात राहा, गोळीचा डोस त्याच्याशी जुळवता येतो. गडबड होते ती श्रावणात. वर्षभर अंडी-मटण खाणारा माणूस महिनाभर पालेभाज्यांवर येतो, मधे साबुदाण्यावर दोन दिवस काढतो, आणि आकडा वर-खाली नाचतो. श्रावण लागल्यावर एक जादा आयएनआर करून घ्या. द्राक्षं खा, मिसळ खा. आपल्या गावची वाइन मात्र बेताची, आणि एका बैठकीत रिचवायची नाही.

खरा धोका भाजीवाल्याकडे नसतो, मेडिकलच्या काउंटरवर असतो. कंबर धरली म्हणून डायक्लोफेनॅक, पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडॅझोल, नायट्यासाठी फ्लुकोनॅझोल. पहिलं पोटात रक्तस्राव करू शकतं, बाकीची दोन आयएनआर उंच नेतात. ठणक्याला पॅरासिटॅमॉल चालेल, तेही रोज रोज भरपूर नको. कुठलंही नवं औषध, गुग्गुळाची गोळी धरून, आधी विचारून. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही. दंडात-कमरेत इंजेक्शन द्यायला कुणी पुढं आलं तर आधी गोळीचं नाव सांगा. खिशात चिठ्ठी ठेवा : आजार, गोळी, डोस, शेवटचा आयएनआर. आणि हेल्मेट. अंबड लिंक रोडवर डोकं आपटलं तर तुमच्यात आणि शेजारच्यात फार फरक पडतो.

प्रश्न : मला ल्युपस आहे, एपीएलए पॉझिटिव्ह आहे, गुठळी कधी झालेली नाही. दर वर्षी ज्येष्ठा गौरींना सासरी पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायला लागते. मोठ्या जाऊबाई आणूनच ठेवतात. चालेल का?
— नाशिकरोड

उत्तर : नाही. ती गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते, दिवसातून तीन वेळा घ्यायची. एवढ्या मात्रेत तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेन तुमच्या प्रतिपिंडांना हवा असलेला धक्का आहे. याच कारणानं इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही तुम्हाला नाहीत, तांबी चालते. तुमच्या डॉक्टरांना लहान ॲस्पिरिनबद्दल आणि ल्युपसवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाबद्दल विचारा, धोक्याची पातळी बघून ते ठरवतील. जाऊबाईंना हा अंक दाखवा. डॉक्टरांनी लेखी बंदी घातली आहे असं सांगा, मी घातली आहे. गौरी पाळी आलेल्या सुनेवर रागावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

प्रश्न : इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तापानंतर केलेल्या पॅकेजमध्ये अँटिकार्डिओलिपिन आयजीएम 'वीकली पॉझिटिव्ह' आलं. नेटवर वाचून झोप उडाली आहे. ॲस्पिरिन सुरू करू का?
— गंगापूर रोड

उत्तर : नको. तापानंतर हे दिसतं, आणि निरोगी माणसांतही थोड्याफार जणांत कमी पातळीवर सापडतं. बारा आठवड्यांनी तिन्ही तपासण्या एकदा करा आणि मधल्या काळात अभ्यास करा. रिपोर्ट एकटा म्हणजे आजार नव्हे. आणि डॉक्टरांनी न सांगता घेतलेल्या पॅकेजमधून चिंतेशिवाय फारसं काही मिळत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला कॉलेजात असताना मेंदूच्या शिरेत गुठळी झाली होती. एपीएसचं निदान झालं. देवाच्या कृपेनं आता ठणठणीत आहे, नोकरी करते, गोळी चालू आहे. स्थळं येऊ लागली आहेत. सांगावं की नाही? नातेवाईक म्हणतात, गोळीच तर आहे, लग्नानंतर सांगता येईल. हा आजार मुलांना जातो का?
— एक वडील, सिन्नर

उत्तर : सांगावं. पहिल्या कांदेपोह्यांना नाही, पण साखरपुड्याआधी नक्की, आणि तुम्ही नाही, तिनं सांगावं. ती शिकलेली आहे, आजार तिचा आहे, तुमच्यापेक्षा नीट सांगेल. मुलाला शंका असतील तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे यावं. अशी जोडपी माझ्याकडे येतात, आणि पळून गेलेल्यांपेक्षा राहिलेली मला जास्त आठवतात.

हे मी नीतीसाठी सांगत नाही, वैद्यकीय कारणासाठी सांगते आहे. लपवून लग्न झालं की नवी सून सगळ्यांच्या देखत गोळी घेत नाही. हळद, गोंधळ, देवदर्शन, पाहुणे. चार दिवस गोळी राहते, मग आठवडा. वॉरफेरिन असं अचानक सुटणं हे या आजारात पुन्हा गुठळी होण्याचं ठळक कारण आहे, आणि क्वचित एकाच वेळी अनेक अवयवांत गुठळ्या होण्याचा जो भयंकर प्रकार होतो, त्यालाही ते निमित्त ठरू शकतं.

दुसरं कारण मुलांचं. आजार सरळ वारशानं जात नाही. काही घरांत एकाहून अधिक जणांना ल्युपस, थायरॉइडसारखे प्रतिकारशक्तीचे आजार दिसतात, एवढंच. तुमची मुलगी आई होऊ शकते. पण वॉरफेरिन गर्भाला बाधतं, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, असेनोकुमरॉलही तसंच. म्हणजे ठरवून दिवस राहायला हवेत, पाळी चार-पाच दिवस चुकली की लगेच तपासणी, आणि पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, म्हणजे गोळी थांबवून हेपॅरिन सुरू करता येईल. तिला आधी गुठळी झालेली आहे, म्हणून हेपॅरिनचा डोसही मोठा लागेल. बाळंतपणानंतर पुन्हा गोळीवर येता येतं, आणि ती घेत असताना अंगावर पाजता येतं. हे सगळं नवऱ्यापासून लपवून कसं करणार? तिचा चेहरा एकीकडे ओढला गेला, बोलणं अडखळलं, दम लागला किंवा एकच पाय सुजला, तर रात्री दोनला गाडी काढणारा तोच असणार आहे. सीटी स्कॅनची सोय कुठल्या इस्पितळात आहे ते त्याला आधी माहीत हवं, आणि तिथे पोचताच ती कोणती गोळी घेते हे सांगता यायला हवं, कारण पक्षाघातावरचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं.

प्रश्न : वॉरफेरिनऐवजी लसूण, जवस आणि दालचिनीचा काढा घेतला तर रक्त पातळ राहील का?
— पंचवटी

उत्तर : राहणार नाही. लसूण फोडणीत आणि जवस चटणीत चालेल. काढा रोज घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि पुढचा आयएनआर लवकर करा. गोळी बंद केली असेल तर हा अंक खाली ठेवून आधी त्यांना फोन करा.